भरतकाम बघण्याचा पहिला हक्क

कच्छी टाका आपल्याकडच्या कितीतरी मुलींनी शाळेत शिवणाच्या तासाला गिरवला आहे. उशीचे अभ्रे, टेबलक्लॉथ, ब्लाउजच्या बाह्या, सगळीकडे तो असायचा. कच्छमध्ये गेलं की मात्र कळतं, तिथे सरसकट असं एकच भरतकाम नाही. अहिरांचं वेगळं, रबारींचं वेगळं, बन्नीच्या गवताळ मुलखातल्या मुतवांचं आणखी वेगळं. चोळीवरचं काम बघून बाई कुठल्या समाजाची, हे जाणती माणसं सांगू शकत. हे सारं एका छताखाली बघायचं तर भुजजवळच्या अजरखपूरला जावं. तिथे 'लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर', म्हणजे एलएलडीसी, हे संग्रहालय 2016 साली सुरू झालं.

त्याची मुळं 1969 च्या दुष्काळात आहेत. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ तेव्हा मदतकार्यासाठी धाणेटी या गावी गेल्या. अन्नछत्र चालू होतं, पण तिथल्या अहीर बायका फुकटचं घ्यायला राजी नव्हत्या. त्यांना काम हवं होतं. त्यांच्या अंगावरचं भरतकाम चंदाबेनच्या नजरेत भरलं. त्यांनी पदरचे पाच हजार रुपये घातले, गावातल्या तीस जणींकडून साड्या भरून घेतल्या आणि मुंबईत प्रदर्शन मांडलं. साड्या हातोहात खपल्या. त्यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली. कापड आणि रेशीम गावात पोचवायचं, भरतकाम घरी बसून व्हायचं, पूर्ण झालं की मजुरी. पोरंबाळं, गुरं, पाणी भरणं सांभाळून हाती स्वतःचा पैसा येऊ लागला.

आता थोडं टाक्यांविषयी. अहीर कामात आधी नक्षी रेखून घेतात आणि ती साखळी टाक्याने भरतात: मोर, पोपट, फुलं, आणि त्यांच्या मधोमध आभला, म्हणजे आरसा. या आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून उभे-आडवे धागे ताणून चौकट बांधायची, मग त्या चौकटीत सुई अडकवत कडेने गोल फिरायचं, की धागे बाहेर ओढले जातात आणि काच कापडाला घट्ट बसते. आपल्याकडच्या बंजारा बायकांच्या काचळीवर आरसे बघितलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मुतवांच्या कामात हेच आरसे इतके बारीक होतात की बोटाच्या पेराएवढ्या जागेत काय काय मावलंय, हे डोळे बारीक करून बघावं लागतं.

सूफ हे भरतकाम याच्या अगदी उलट. सोढा आणि मेघवाळ कुटुंबं 1971 च्या युद्धानंतर थरपारकरहून कच्छमध्ये आली, त्यांच्याबरोबर हे काम आलं. यात रेखाटन नाही, आरशावरही भिस्त नाही. कापडाचे ताणे-बाणे मोजत, मागच्या बाजूने सुई चालवायची. त्रिकोणाला त्रिकोण जुळत जातो आणि पुढच्या बाजूला नक्षी उमटते. एक धागा मोजायचा चुकला तर पुढची सगळी ओळ सरकते. म्हणजे अख्खं चित्र आधी बाईच्या डोक्यात तयार असतं.

हे डोक्यातलं ज्ञान टिकायला डोळ्यांसमोर जुने नमुने लागतात, आणि नेमके तेच कच्छमधून जात होते. आज्यांनी स्वतःसाठी भरलेल्या चोळ्या, तोरणं, चाकळे अडीअडचणीत विकले गेले; व्यापाऱ्यांमार्फत देशोदेशीच्या संग्राहकांकडे पोचले. नाती शिकणार कशावरून? चंदाबेननी 1990 च्या दशकात निष्णात बायकांकडून वेगवेगळ्या शैलींचे मोठे पट भरून घ्यायला सुरुवात केली. हजारावर पट झाले. मग ते गाडीत घालून गावोगाव नेले, म्हणजे फिरतं डिझाइन सेंटरच. प्रदर्शन शहरात नेऊन गिऱ्हाईक मिळवणं त्यांना चांगलं जमत होतं; तरीही त्यांनी ते आधी भरणाऱ्या बायकांसमोर मांडलं. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं वाटतं. जिच्या हातचं काम, तिलाच ते भिंतीवर लावलेलं बघायला मिळत नाही, हा आपल्या हस्तकलांच्या जगातला जुना अन्याय आहे. 2006 साली चंदाबेनना रोलेक्स पुरस्कार मिळाला. संग्रहालय उघडल्यावर काही महिन्यांतच त्या गेल्या.

सगळं जपलं गेलं असं नाही, आणि सगळं जपायलाच हवं असाही हट्ट बरा नव्हे. ढेबरिया रबारींच्या पंचांनी 1995 च्या सुमारास स्वतःच्या वापरासाठीच्या भरतकामावर बंदी घातली, कारण सासरी न्यायचे कपडे भरून होईपर्यंत मुलींची पाठवणी वर्षानुवर्षं लांबत असे. ज्या सुंदर चोळ्यांपुढे आपण थबकतो त्यांत मुलींची अशी वर्षंही गेलेली आहेत, हे बघणाऱ्याने विसरू नये. मजुरीवर, वेळेचा हिशेब धरून केलेलं काम म्हणून मला कमी दर्जाचं वाटत नाही.

संग्रहालयांकडे मात्र एक मागणी आहे. सूफ भरणारी बाई महिनोन्‌महिने कापडाची मागची बाजू बघत असते, आणि आपण तो पट भिंतीला टेकवून नेमकी तीच बाजू झाकतो. प्रत्येक दालनात निदान एक सूफचा पट दोन्ही बाजूंनी बघता येईल असा मोकळा टांगावा, आणि शेजारी तो भरणारीचं नाव तिच्या लिपीत लिहावं.