छंदाचे मोल

पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ रविवारी जुना व्हीसीआर उघडून बसला, की घरच्यांना तो रिकामपणाचा उद्योग वाटतो. १९७६ साली जपानमध्ये अवतरलेल्या व्हीएचएस पद्धतीच्या यंत्रांचे उत्पादन तेथील फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये थांबविले. मागणी आटली की उत्पादन थांबते, हा बाजाराचा नियमच होय. स्मृतींची गरज मात्र त्या नियमाने संपत नाही. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. घरोघरच्या कपाटांतील चुंबकीय फितीही झिजत आहेत. त्यांत दिवंगत वडीलधाऱ्यांचे आवाज आहेत. ते संगणकावर उतरवून घेणारा छांदिष्ट बाजाराने सोडून दिलेले काम विनामोबदला करीत असतो. गावोगावच्या ग्रंथालयांनी असे एकेक चालू यंत्र बाळगावयास काय हरकत आहे?