मित्सुको उचिदा : पारितोषिकांपलीकडची पियानोसाधना

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात संगीतात वादकाचे कार्य प्रामुख्याने लिखित रचनेचा अर्थ लावण्याचे असते. स्वर, त्यांचा क्रम व कालावधी संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. परंतु एखाद्या स्वरावर किती भार द्यावा, स्वरवाक्य कोठे सैल सोडावे, दोन वाक्यांमधील शांतता किती लांबवावी, हे निर्णय वादकालाच घ्यावे लागतात. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीची रचना प्रत्येक समर्थ वादकाच्या हाती नवे रूप धारण करते. अर्थनिर्णयाच्या या कलेत जागतिक मान्यता मिळविणाऱ्या पियानोवादकांमध्ये मूळच्या जपानी असलेल्या मित्सुको उचिदा यांचे स्थान अग्रभागी आहे. विशेष म्हणजे दोन सर्वांत नामांकित स्पर्धांमध्ये त्या द्वितीय ठरल्या होत्या. त्यांची कीर्ती ज्या मार्गाने घडली, त्या मार्गाचा परिचय करून देणे आणि त्यातून गुणवत्तेच्या मूल्यमापनाविषयी काय बोध होतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण : जपान ते व्हिएन्ना

उचिदा यांचा जन्म २० डिसेंबर १९४८ रोजी जपानमधील आतामी या समुद्रकाठच्या गावी झाला. तोपर्यंत पाश्चात्त्य संगीत जपानमध्ये नवखे राहिलेले नव्हते. मेइजी कालखंडात त्याला शालेय शिक्षणात स्थान मिळाले होते; १८८७ मध्ये टोकियो संगीत विद्यालयाची स्थापना झाली होती आणि १९०० च्या सुमारास देशातच पियानोची निर्मिती सुरू झाली होती. तथापि, या संगीताच्या मूळ भूमीत जाऊन ते आत्मसात करण्याची संधी फार थोड्यांच्या वाट्याला येत असे. उचिदा यांना ती वडिलांच्या राजनैतिक सेवेमुळे लाभली. त्या बारा वर्षांच्या असताना कुटुंब व्हिएन्नाला गेले. तेथील संगीत अकादमीत त्यांनी रिचर्ड हाउझर यांच्याकडे शिक्षण घेतले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी व्हिएन्नात पहिले एकलवादन सादर केले. पुढे वडिलांची बदली झाल्यावर कुटुंब परतले. उचिदा मात्र शिक्षणासाठी तेथेच राहिल्या. नंतरच्या काळात विल्हेल्म केम्प्फ आणि स्टेफान आस्केनासे यांचेही मार्गदर्शन त्यांना मिळाले.

स्पर्धांचा कालखंड

१९६९ साली व्हिएन्नातील बेथोव्हन स्पर्धेत उचिदा यांना प्रथम पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये वॉर्सा येथील शोपँ स्पर्धेत अमेरिकेचे गॅरिक ओल्सन प्रथम, तर उचिदा द्वितीय आल्या. १९७५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स स्पर्धेतही त्यांना द्वितीय पारितोषिकच मिळाले. शोपँ स्पर्धेतील त्यांच्या स्थानाची बरोबरी जपानी वादकाला करता आली ती ५१ वर्षांनी. २०२१ साली सोरिता क्योहेई यांनी द्वितीय पारितोषिक विभागून मिळविले. यावरून त्या यशाचे मोल लक्षात येते.

असे असले तरी स्पर्धेच्या मर्यादाही येथेच स्पष्ट होतात. स्पर्धेत ठराविक मुदतीत, ठराविक टप्प्यांतून, अनेक परीक्षकांच्या मतांची बेरीज करून निर्णय घ्यावा लागतो. तंत्रशुद्धता, स्मरण व दडपणाखालील स्थैर्य या गोष्टी अशा पद्धतीने बऱ्याच अंशी मोजता येतात. एकाच संगीतकाराचा वर्षानुवर्षे ध्यास घेण्याची वृत्ती मात्र तिच्या कक्षेत येत नाही. आणि उचिदा यांचे खरे सामर्थ्य नेमके त्या वृत्तीत होते.

मोझार्टची निवड

१९७२ पासून उचिदा लंडनमध्ये स्थायिक झाल्या. लीड्सनंतर सात वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी लंडन व टोकियो येथे मोझार्टचे सर्व पियानो सोनाटा क्रमवार सादर केले आणि रसिकांचे लक्ष त्यांच्याकडे खऱ्या अर्थाने वेधले गेले. ही निवड सोपी नव्हती. मोझार्टच्या सोनाटांत स्वरांची गर्दी नसते. विद्यार्थीही त्यांतील अनेक भाग वाजवू शकतात. परंतु स्वर विरळ असल्यामुळे प्रत्येक स्वर उघडा पडतो आणि किंचित असमतोलही लपत नाही. उचिदा यांनी या साधेपणामागील विषाद, विनोद व नाट्य ऐकू येईल असे वादन केले. फिलिप्स कंपनीसाठी त्यांनी या सोनाटांचे ध्वनिमुद्रण केले, त्याला १९८९ चे ग्रामोफोन पारितोषिक लाभले. जेफ्री टेट यांच्या संचालनाखाली इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रासमवेत त्यांनी मोझार्टचे पियानो कन्चेर्टोही मुद्रित केले.

पुढे त्याच कन्चेर्टोंकडे त्या पुन्हा वळल्या. अमेरिकेतील क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासमवेत त्यांनी पियानोवर बसूनच वाद्यवृंदाचे संचालन केले. त्यांतील क्रमांक २३ व २४ च्या ध्वनिमुद्रणाला २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एकदा सिद्ध झालेला विषय संपला असे न मानता त्याच रचनांना नव्याने प्रश्न विचारण्याची ही पद्धत त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत आढळते.

परंपरा आणि परकेपणा

जपानमध्ये जन्मलेल्या कलावंताला व्हिएन्नाच्या संगीताचा गाभा गवसेल काय, अशी शंका घेतली जाऊ शकते. इतिहास पाहता या शंकेचा पाया डळमळीत ठरतो. व्हिएन्नाची परंपरा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांपैकी मोझार्ट साल्झबर्गहून, तर बेथोव्हन बॉनहून तेथे आला होता. शुबर्टचा जन्म मात्र तेथलाच. म्हणजे ही परंपरा घडविण्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा होता. उचिदा यांनी या तिघांबरोबरच व्हिएन्नातच जन्मलेल्या आर्नोल्ड श्योनबर्गचाही स्वीकार केला. सप्तकातील बाराही स्वरांना समान स्थान देणारे त्याचे संगीत अनेक श्रोत्यांना दुर्बोध वाटते. पिएर बूलेज यांच्या संचालनाखाली उचिदा यांनी वाजविलेल्या त्याच्या पियानो कन्चेर्टोच्या ध्वनिमुद्रणाला २००१ मध्ये ग्रामोफोन पारितोषिक मिळाले. परंपरा ही जन्माने मिळणारी मालमत्ता नसून अभ्यासाने जोडावयाचे नाते असते, हेच यातून दिसून येते.

पुढील पिढीची जोपासना

१९९९ पासून उचिदा अमेरिकेतील व्हर्मांट राज्यातील मार्लबरो संगीत महोत्सवाच्या कलासंचालनात, प्रारंभी रिचर्ड गूड यांच्यासह, सहभागी झाल्या. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात उन्हाळ्याचे काही आठवडे अनुभवी व तरुण वादक एकत्र राहून छोट्या वाद्यसमूहांसाठीच्या रचनांचा सराव करतात. सरावाला भरपूर अवधी दिला जातो आणि त्यांतील सर्वच रचना जाहीरपणे सादर होतात असे नाही. त्यामुळे ज्येष्ठ वादक येथे परीक्षक नसतो, तर शेजारी बसून वाजविणारा सहकारी असतो. तसेच, तरुण कलावंतांना साहाय्य करणाऱ्या बोर्लेत्ती-बुइतोनी न्यासाच्या त्या संस्थापक विश्वस्तांपैकी आहेत. या कार्याचा त्यांच्या स्वतःच्या वाटचालीशी असलेला संबंध उघड आहे. स्पर्धा जे देऊ शकत नाही, तो वेळ तरुणांना मिळावा, हे त्यामागील सूत्र होय.

समारोप

ब्रिटनने २००९ मध्ये उचिदा यांना ‘डेम’ हा किताब प्रदान केला; २०१५ मध्ये जपानचे प्रीमियम इम्पिरिआले पारितोषिक त्यांना मिळाले. २०२२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, बेथोव्हनच्या ३३ डायबेली रूपांतरांचे त्यांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. तथापि, सन्मानांच्या या यादीपेक्षा १९७५ ते १९८२ हा तुलनेने शांत कालखंड अधिक विचार करावयास लावतो. त्या वर्षांत जी तयारी झाली, तिची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होणे शक्य नव्हते. परीक्षा व क्रमांक यांवर आधारलेल्या शिक्षणव्यवस्थेत द्वितीय क्रमांकाचा विद्यार्थी नेमका कशात अद्वितीय आहे, हे ओळखण्याची जबाबदारी अखेर अध्यापकावरच येते. उचिदा यांच्या कारकिर्दीचे शैक्षणिक महत्त्व याच ठिकाणी आहे.