जुनी गाडी एका अंगाला कलली? आधी माप घ्या, मग खर्च करा!

आपल्या दारात जुनी अॅम्बॅसिडर असेल तर आज एवढे करा. गाडी उभी करून दहा पावले मागे जा आणि तिच्याकडे नीट पाहा. मागची बाजू बसली आहे का? एखादे चाक मडगार्डात जास्त शिरले आहे का?

बैलजोडीत एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असला, की जू तिरपे होते आणि भार एकाच मानेवर येतो. गाडीचेही तसेच आहे. एक कोपरा बसला की टायर वेडावाकडा झिजतो. पुढची बाजू खाली आली तर मुरगूडच्या शिवारातल्या पाणंदीत मधल्या उंचवट्यावर इंजिनाचा चेंबर आपटतो. मागची बाजू बसली तर बैलगाडीसारखी गाडी उलाळ होते, दिव्यांचा झोत वर जातो आणि रात्री समोरून ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे डोळे दिपतात. म्हणजे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून घेतलेली अॅम्बॅसिडर हिंदुस्थान मोटर्स बंगालमधील उत्तरपाडा येथे बनवीत असे. २०१४ साली ते उत्पादन थांबले. त्यामुळे आहे तो भाग जपणे शहाणपणाचे.

माप असे घ्या. सपाट फरशी शोधा. सपाटीची खात्री नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी लावून पाहा. चारही टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. डिकी रिकामी करा. युरियाची ४५ किलोंची दोन पोती आत राहिली तरी सारे माप चुकते. प्रत्येक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा आणि गाडी हाताने थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. आता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डाच्या कडेपर्यंत टेप लावा. या मापात टायरची झीज येत नाही. चारही आकडे वहीत लिहा. पुढच्या दोन चाकांची आपसात आणि मागच्या दोन चाकांची आपसात तुलना करा. अर्ध्या इंचाच्या आतला फरक जुन्या गाडीत सहसा चालतो. त्याहून जास्त असेल तर कारण शोधा.

दोष पुढे की मागे, हे ओळखण्याची एक युक्ती आहे. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मागच्या धुऱ्याच्या बरोबर मध्ये जॅक लावून चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकीच उचला. आता गाडी समतल झाली तर दोष मागच्या पाट्यांत आहे. कललेलीच राहिली तर तो पुढे आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. एखादा पाटा तुटला आहे का, मधला बोल्ट गेला आहे का, शॅकलचे रबरी बुश खाल्ले आहेत का, ते आधी पाहा. पाटे खरोखर सपाट झाले असतील तर दोन्ही बाजूंची कामे एकदम करा. कोयत्याला पाणी नीट दिले नाही तर धार टिकत नाही. तसेच भात्यावर लाल करून नुसता ठोकलेला पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तडकतो. हे काम पाट्यांच्या जाणत्या कारागिराकडेच द्यावे. नवे बुश बसवल्यावर शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना करायला सांगा. अधांतरी आवळलेले रबर पिळून राहते आणि लवकर फाटते.

अॅम्बॅसिडरच्या पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेणारा पोलादी गज असतो. त्याच्या मागच्या टोकाची पकड बदलून तो कोपरा वर घेता येतो. पण त्या गजात मोठा ताण साठलेला असतो, म्हणून हे काम घरी करू नका. डावा-उजवा गज अदलाबदल होऊ देऊ नका, आणि त्यावर छिन्नीचा ओरखडाही नको. चीर तिथूनच सुरू होते. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासून घ्या.

‘दोन पाटे जास्त घाला, म्हणजे पोती जास्त बसतील,’ असा सल्ला पुष्कळ जण देतील. तो ऐकू नका. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, धुरा जाड होत नाही. गाडी मात्र धक्के खाते आणि पाटे जिथे जोडलेले असतात तिथला पत्रा फाटतो. उंची वाढवायची नसते, मूळची परत आणायची असते.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि उसाचा हंगाम संपल्यावर एकदा माप घ्या, तारखेसह लिहून ठेवा. टेपला आणि वहीला फारसा खर्च येत नाही, आणि मिस्त्रीकडे जाताना दोष कुठे आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.