उपाशी बुरशीचा जोर

नांदेडकडच्या हळदीच्या पानांवर करपा पडतो, लातूरकडे पावसात सापडलेल्या सोयाबीनच्या शेंगा काळवंडतात. दोन्हींच्या मागे मुख्यतः एकच बुरशी असते, कोलेटोट्रायकम ट्रंकेटम. तिचा बीजाणू जेमतेम मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा लांब. थेंबाबरोबर उडून तो पानावर पडतो तेव्हा उपाशीच असतो. अन्न सगळे पानाच्या आत, आणि वर मेणाचा थर.

बीजाणूला कोंब फुटतो, कोंबाच्या टोकाशी काळी, घुमटाकार पेशी तयार होते आणि तिच्यात दाब साठू लागतो. किती? 1999 साली जर्मन शास्त्रज्ञांनी मक्यावरच्या कोलेटोट्रायकमचा हा जोर मोजला. एका पेशीचा जोर 17 मायक्रोन्यूटन, म्हणजे पावणेदोन मिलिग्रॅम वजनाएवढाच. पण तो ज्या ठिपक्यावर एकवटतो त्या ठिपक्यावर दाब होतो 5.35 मेगापास्कल: दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 55 किलो. तळहाताने एवढा दाब देता आला असता, तर माणसाने 80 क्विंटल सोयाबीन एका हातावर उचलले असते. भातावरच्या करपा बुरशीचा दाब तर 8 मेगापास्कलपर्यंत जातो. एवढा दाब समुद्रात 800 मीटर खोलीवर असतो.

बाहेरून घास मिळत नसताना हे बळ येते कुठून? बीजाणू स्वतःलाच खातो. पेशीने आपलेच घटक मोडून पुन्हा वापरण्याच्या या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. योशिनोरी ओसुमी यांनी 1993 मध्ये यीस्टमध्ये तिला लागणारी 15 जनुके हुडकली. 2016 चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. भाताच्या बुरशीत तर बीजाणूच्या तिन्ही पेशी एका दिवसाच्या आत रित्या होऊन मरतात आणि सगळे सत्त्व त्या एका घुमटात उतरते.

मला सर्वांत थक्क करतो तो 2009 चा प्रयोग. मायकेल कर्शॉ आणि निकोलस टॅल्बट यांनी भाताच्या बुरशीतली ऑटोफॅजीची 22 जनुके एकेक करून काढून पाहिली. त्यांतली 16 अशी निघाली, की कोणतेही एक काढा, रोग होतच नाही. बुरशीची एकूण जनुके 11,000 च्या आसपास. त्यांतल्या या 16 पैकी एक गेले की 8 मेगापास्कलची ताकद फुकट! काकडीवरच्या कोलेटोट्रायकममध्येही एटीजी-8 हे ऑटोफॅजीचे जनुक काढल्यावर घुमट नीट बनत नाही.

पानावर ठिपका दिसल्यावर शेतकरी पंप पाठीला लावतो, तेव्हा बुरशी आत शिरून काही दिवस झालेले असतात. ती सर्वांत दुबळी असते त्याआधी, पानावर उपाशी असताना, त्या काही तासांत. घाव तिथेच घालायला हवा. मात्र एटीजी-8 च्या कुटुंबातली जनुके सोयाबीनच्या पानातही आहेत आणि फवारणाऱ्याच्या शरीरातही. औषध असे हवे, जे या तिघांतून फक्त बुरशीलाच ओळखेल.