अ‍ॅक्विफेक्सचं आरएनए कापणारं प्रथिन

सिसिलीच्या उत्तरेला एओलियन बेटं आहेत, सगळी ज्वालामुखींतून वर आलेली. स्ट्रॉम्बोली त्यांपैकीच एक. ‘अ‍ॅक्विफेक्स एओलिकस’ या जिवाणूचं नाव या बेटांवरून पडलं. ९५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या कढत पाण्यात तो मजेत वाढतो. ऊर्जेसाठी हायड्रोजन आणि किंचितसा ऑक्सिजन एवढ्यावर त्याचं भागतं. १९९८ मध्ये त्याचा जीनोम वाचून झाला. तो जेमतेम साडेपंधरा लाख अक्षरांचा आहे.

या जिवाणूमुळे शास्त्रज्ञांना ‘आरएनएझ-३’ या प्रथिनाच्या कापणाऱ्या भागाची रचना पहिल्यांदा दिसली. रायबोसोमसाठी लागणारे आरएनए पेशीत सुटे तयार होत नाहीत, एका लांब धाग्यात जोडलेले येतात. तो धागा जिथे स्वतःवर दुमडून दुपेडी होतो, तिथे हे प्रथिन छेद देतं. ई. कोलायमध्ये ते १९६८ मध्येच सापडलं होतं, पण त्याचा कापणारा भाग दिसतो कसा हे कळायला २००१ उजाडलं.

उष्णताप्रेमी जिवाणूच का निवडावा? त्याची प्रथिनं घट्ट बांधणीची असतात आणि त्यांचे स्फटिक बऱ्याचदा चांगले जमतात. शिवाय एक सोय अशी, की त्याचा जनुक ई. कोलायमध्ये घालून प्रथिन बनवून घ्यायचं आणि पेशींचा अर्क तापवायचा. ई. कोलायची बरीचशी प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठून तळाशी बसतात, हवं ते वर द्रावणात राहतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शिन्हुआ जी यांच्या गटानं क्ष-किरणांनी पाहिलं, तेव्हा दोन सारखे रेणू जोडीनं बसलेले दिसले. त्यांच्यामध्ये सुमारे ५० अँगस्ट्रॉम लांब आणि २० अँगस्ट्रॉम रुंद अशी घळ होती. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दुपेडी आरएनए तीत नेमका मावेल, एवढी ती होती. पण आरएनए त्या चित्रात नव्हता, आणि नुसत्या रिकाम्या घळीवरून गटानं अंदाज केला, की छेद चार ठिकाणी पडत असावेत. २००४ मध्ये विटोल्ड फिलिपोविच यांच्या गटाच्या प्रयोगांनी तो मोडीत काढला: कापण्याचं केंद्र एकच, छेद दोनच.

प्रत्यक्ष पुरावा २००६ मध्ये मिळाला, आणि त्यामागची युक्ती मला फार आवडते. प्रथिनातलं ४४ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदलून तिथे अ‍ॅस्पराजिन बसवलं. प्रथिन मंदावलं, पण थांबलं नाही. स्फटिकात सापडले ते कापून झालेले आरएनएचे तुकडे, अजून प्रथिनाला धरून असलेले! प्रत्येक रेणू एकेका पेडाला छेद देतो. दोन छेद समोरासमोर येत नाहीत, म्हणून तुकड्याच्या टोकाला दोन अक्षरं मोकळी राहतात.

हीच मोकळी टोकं माणसाच्या पेशीतल्या ‘डायसर’ या प्रथिनानं कापलेल्या आरएनएच्या तुकड्यांनाही असतात. जिवाणूत दोन रेणू मिळून जे करतात, ते डायसर एकाच साखळीतल्या तशाच दोन भागांनी करतो. मात्र त्याच्याकडे आरएनएचं टोक पकडणारा आणखी एक भाग आहे, आणि तिथून अंतर ठरल्यामुळे त्याचे तुकडे साधारण २२ अक्षरांचे निघतात. अ‍ॅक्विफेक्सच्या प्रथिनात हा भाग नाही.