आजारपणातला रोज



हातावर पोट असलेल्या माणसाला ताप चढला, की तो आधी कशाची चिंता करतो? तापाची नव्हे, बुडणाऱ्या रोजाची. मग दोन गोळ्या घेतो आणि कामावर जातो. साथीच्या दिवसांत हे त्याच्यापुरते राहत नाही. शेजारी उभे राहून काम करणाऱ्यांच्या घरीही तो रोग जातो. म्हणून आजाऱ्याला घरी बसवायचे, तर त्याच्या चुलीची सोय आधी पाहावी लागते. ही दया नव्हे, रोग अडवण्याचाच तो एक उपाय आहे.

कायद्याला हे उशिरा उमगले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. प्रवाशांची तपासणी करावी, रोग्याला वेगळे ठेवावे, असे अधिकार त्याने सरकारला दिले. पण वेगळे ठेवलेल्याच्या घरी पीठ कुठून यायचे, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

पुढे १९४४ साली प्रा. बी. पी. आदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

योजनेची रीत साधी आहे. मालक आणि कामगार दोघेही दर महिन्याला वर्गणी भरतात. २०१९ साली ठरलेल्या दराप्रमाणे शंभर रुपये पगारामागे कामगाराचे पाऊण रुपया, मालकाचे सव्वातीन. सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे रोज ५०० चा असेल, तर ३५० घरी येतात. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्यांसाठी मुदत वाढते आणि दर ८० टक्के होतो.

आता २०२० ची साथ आठवा. २९ मार्चला केंद्र सरकारचा हुकूम निघाला, की टाळेबंदीत काम बंद असले तरी मजुरी कापू नये. मालक न्यायालयात गेले. १८ मेपासून हुकूम उठला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी बोलणी करून मार्ग काढावा असे सांगितले. घाईत काढलेला हुकूम दोन महिनेही टिकला नाही. विम्याचा हक्क मात्र टिकला, कारण त्याचा पैसा आधीच जमलेला होता. पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे?

पण या छपराखाली सगळे आलेले नाहीत. ही योजना मुख्यतः दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणांसाठी आहे. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, त्यांत साखर आणि गूळही होता. कारखान्याला ऊस पुरवणारा तोडणी मजूर आणि बांधावरची खुरपणारी बाई यांना तर आजारपणातला रोज ठाऊकच नाही. साथ मात्र त्यांना वगळत नाही.

गुरुजी, तुमच्या गावची मुले पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत कामाला आहेत. सुट्टीत आली, की त्यांची पगाराची पावती मागून पाहा. वर्गणी कापली जाते का? विमा क्रमांक मिळाला आहे का? आजारी पडल्यास विमा दवाखान्याच्या डॉक्टरांचा दाखला आधी घ्यायचा, हे त्यांना समजावून सांगा. आणि ज्यांच्याकडे अशी पावतीच नाही, त्यांचा विषय ग्रामसभेत काढा. पुढची साथ येण्याआधी हे बोलणे झाले पाहिजे.