बिनफीची शाळा, पण कोणासाठीं?

अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील एडिसन या उपनगरी गांवीं जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल ही सार्वजनिक शाळा आहे. तेथें आशियाई वंशाच्या मुलांचें बहुमत असून त्यांत भारतीय घरांतील मुलें पुष्कळ आहेत. कॉलेजच्या तोडीचे विषय हायस्कुलांतच शिकावयास मिळतात. वादविवाद, विज्ञानस्पर्धा, संगीत, खेळ आहेतच. आणि फी एक पैही नाहीं! आमच्या वाचकांस हेवा वाटेल. परंतु प्रवेशाची मुख्य अट पाहावी. विद्यार्थी शाळेच्या हद्दींत राहणारा पाहिजे. शाळा नांवाजली कीं तेथील घरें महाग होतात, आणि शाळेचा बराच खर्च घरपट्टींतून चालतो. म्हणजे फी घराच्या किंमतींतच दडलेली!

१९७३ सालीं रॉड्रिग्ज खटल्यांत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें ५ विरुद्ध ४ मतांनीं ठरविलें कीं, घरपट्टीमुळें शाळाशाळांत पडणारी तफावत संघराज्याच्या घटनेविरुद्ध नाहीं. आमच्या मतें अल्पमतच न्यायाचें होतें. त्याच वर्षीं न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानें स्वतःच्या राज्यघटनेवर बोट ठेवून उलट निर्णय दिला, व १९९० सालीं गरीब शहरांतील शाळांस श्रीमंत उपनगरांइतका पैसा देण्याचा हुकूम केला. पैशाचें असें झालें. हद्दीचा नियम मात्र त्या निकालानें बदलला नाहीं.